‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनाची तपासणी

जून उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये वह्या, दप्तरे, गणवेश यांची गडबड सुरू होते. उसनेपासने करून का होईना, आईवडील फी भरतात, रिक्षाचे पैसे भागवतात. बाबासाहेबांचा शिक्षणाचा संदेश आपल्या घराघरात पोचला आहे, हे त्यावरून दिसते. पण याच घरांत काही मुले रोज सकाळी ‘पोट दुखतंय’ म्हणून अंथरुणातून उठत नाहीत. दवाखान्यात नेले तर तपासणीत काही निघत नाही. रविवारी मात्र पोट दुखत नाही. मग घरात कुणी म्हणते, ‘नाटकं करतोय’, तर कुणी म्हणते, ‘दृष्ट लागली’. या दोन्ही उत्तरांमुळे मुलाचे वर्ष वाया जाते.

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही या मुलांविषयी लिहीत आहोत. मुलाच्या मनाला त्रास होतो म्हणजे काय होते, समुपदेशनात नेमके काय करतात, पुण्यात त्यासाठी कुठे जायचे आणि शाळेकडे काय मागायचे, हे साध्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पोटदुखी खोटी नसते

भीती वाटली की मेंदू शरीराला धोक्याचा इशारा देतो. छाती धडधडते, हाताला घाम येतो, पोटातले स्नायू आवळले जातात, मळमळते. मोठ्या माणसालाही कोर्टाची तारीख असली की असे होते. लहान मुलाला ‘मला भीती वाटते’ हे शब्द सापडत नाहीत. त्याला पोट दुखल्याचे कळते, म्हणून तो तेवढेच सांगतो. म्हणजे दुखणे खरे असते, त्याचे मूळ तेवढे वेगळ्या जागी असते.

असा त्रास विरळा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलामुलींना उपचारांची गरज असलेला मानसिक त्रास आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार मुले, असा हा हिशेब होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. तेव्हा ‘आमच्याच घरात असं का’ असे वाटून घेण्याचे कारण नाही.

कोणत्या खुणा पाहायच्या?

वयानुसार खुणा बदलतात. पहिली ते चौथीतले मूल आईला सोडायला तयार नसते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत लागते, झोपेत दचकून ओरडते, नखे कुरतडते. पाचवी ते सातवीतले मूल शाळा टाळते, गुण एकदम घसरतात, मित्र तुटतात, डोके किंवा पोट वारंवार दुखते, क्षुल्लक गोष्टीवर मारामारी करते. आठवी-नववीनंतर मूल खोलीच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसते, रात्री झोपत नाही, जेवण टाळते, चिडते, व्यसनाकडे वळते किंवा ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गप्प बसणाऱ्या मुलीला आपण ‘शहाणी’ म्हणतो. त्यामुळे तिचा त्रास उशिरा कळतो. मुलांच्या बाबतीत उलट होते. त्यांचे दुःख रागाच्या रूपाने बाहेर येते, आणि त्याला आपण ‘वाया गेला’ म्हणतो.

एक-दोन दिवस सगळ्यांचेच वाईट जातात. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे का? झोप, जेवण, अभ्यास, खेळ यांतले काही बिघडले आहे का? मूल पूर्वीपेक्षा वेगळे वागते आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मदत घ्यावी.

मूळ कुठे असते?

डॉक्टर आधी शरीर तपासतात, आणि ते योग्यच आहे. दृष्टी कमी असणे, कानाने कमी ऐकू येणे, रक्त कमी असणे, जंत, अपुरी झोप यांमुळेही मूल सुस्त किंवा चिडचिडे होते. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

शरीर ठीक असेल तर पुढे घर आणि शाळा पाहावी लागते. घरात दारू, रोजचे भांडण, आईला होणारी मारहाण, कुणाचा मृत्यू, वडिलांचे काम सुटणे, घर पाडण्याची नोटीस, यांतले काहीही असले तरी मूल ते न बोलता अंगावर घेते. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाला ऐकू जाऊ नये असे काही नसते.

काही मुलांना वाचन-लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमता असते. त्यांची बुद्धी चांगली असते, पण अक्षरे उलटसुलट होतात, पाढे लक्षात राहत नाहीत. अशा मुलाला ‘ढ’ म्हणून मारले की पुढे ते मनानेही खचते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

आणि आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक कारण येते, ते म्हणजे जात. आडनाव विचारून बदलणारी नजर, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात उभे करणे, ‘तुमचं काय, तुम्हाला फुकट मिळतं’ असे टोमणे, वस्तीच्या नावावरून चिडवणे. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या शाळांत शहरभरच्या वस्त्यांमधून मुले येतात. गणवेश सारखा असला तरी पत्ता सारखा नसतो, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळते.

बाबासाहेबांनी स्वतः हे भोगले होते. सुमारे दहा वर्षांचे असताना साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या भीमराव आणि भावंडांना मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणीही मिळाले नाही. शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे लिहिले आणि त्या प्रवासाची आठवण मनावर कायमची कोरली गेल्याचे नोंदवले. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात तीस-पस्तीस वर्षांनंतरही ती जखम ताजी होती. मग आपल्या सहावीतल्या मुलाला ‘सोड, एवढं काय मनाला लावून घेतोस’ असे म्हणून कसे चालेल?

अंगारा, गंडा आणि शनिवार पेठेचा पूल

मूल रात्री ओरडू लागले, एकटेच बडबडू लागले किंवा अंगात आल्यासारखे करू लागले की अजूनही काही घरांत आधी बाहेरचे बघणाऱ्याकडे नेले जाते. धम्म स्वीकारलेल्या घरांतही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून गंडा बांधला जातो, हे आपण नाकारू नये. यात सर्वांत मोठे नुकसान वेळेचे होते. पहिल्या महिन्यात जो त्रास चार-सहा भेटींत आटोक्यात येतो, तो वर्षभर दाबून ठेवला की अवघड होऊन बसतो. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारले, मिरचीची धुरी दिली, तर आधीच घाबरलेल्या मुलाला नवीन जखम होते.

या प्रश्नाशी शनिवार पेठेचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे या कायद्याने गुन्हे आहेत. भुताची भीती घालून कुणाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हाही गुन्हा आहे. कुणी आपल्या मुलाला असे करायला सांगत असेल तर त्याला हा कायदा सांगावा.

आपल्याला तर कायद्याच्याही आधी धम्माने हे सांगितले आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे. चांगला डॉक्टर आणि चांगला समुपदेशक याच क्रमाने विचार करतो.

समुपदेशनात नेमके काय होते?

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा एक गैरसमज आहे. ‘अभ्यास कर, आईवडिलांचं ऐक’ हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. समुपदेशक मुलाचे ऐकतो, त्रास कसा सुरू होतो आणि कशाने वाढतो हे मुलाबरोबर शोधतो, आणि त्यावर एकेक पाऊल ठरवतो.

एक उदाहरण समजा. वस्तीतून बसने शनिवार पेठेतल्या शाळेत येणारी सातवीतली मुलगी आहे. दिवाळीनंतर तिची शाळा बुडू लागली. डबा घरी तसाच परत येतो. रोज सकाळी उलटीसारखे होते.

पहिल्या भेटीला आई आणि मुलगी दोघी जातात. जन्मापासूनचे आजार, झोप, जेवण, घरातली माणसे, शाळा, मैत्रिणी यांविषयी विचारतात. मग आईला थोडा वेळ बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलतात. लहान मुलांना चित्र काढायला किंवा बाहुल्यांशी खेळायला देतात, कारण त्यांच्या गोष्टी खेळातून बाहेर येतात. सातवीतल्या मुलीला विचारतात, ‘भीती शून्य ते दहा मोजली, तर बसमध्ये किती? शाळेच्या फाटकाशी किती? मधल्या सुट्टीत किती?’ ती म्हणते, बसमध्ये तीन, फाटकाशी पाच, मधल्या सुट्टीत नऊ. त्रास कुठे आहे हे एका प्रश्नात कळते.

पुढच्या भेटीत ती सांगते की डबा खाताना एका मुलीने तिच्या आडनावावरून आणि घरावरून काही म्हटले, बाकीच्या हसल्या आणि बाजूला सरकल्या. तेव्हापासून तिला वाटते की सगळा वर्ग तिच्याकडेच बघतो, ती घाण आहे, तिने तिथे बसू नये. इथे चांगला समुपदेशक दोन गोष्टी वेगळ्या करतो. जे घडले ते खरे होते आणि ते चुकीचे होते, त्यात मुलीचा दोष काहीच नव्हता. पण ‘मी घाण आहे’ हा त्या घटनेतून तिच्या मनात शिरलेला विचार आहे, आणि तो तपासून पाहता येतो. वर्गातल्या पन्नास मुलींपैकी हसल्या किती? नंतर कोण येऊन बोलली? आडनावावरून माणूस घाण ठरतो का? मुलगी स्वतःच उत्तरे देऊ लागते. विचार, भावना आणि वागणे यांची साखळी अशी उलगडण्याच्या पद्धतीला विचार-वर्तन उपचार म्हणतात. मुलांच्या भीतीवर आणि उदासीवर ही पद्धत जगभर वापरली जाते.

मग पायऱ्या ठरतात. पहिल्या आठवड्यात दोन तास ग्रंथालयात बसायचे. पुढच्या आठवड्यात दोन तास वर्गात, एका मैत्रिणीशेजारी. त्यानंतर मधली सुट्टी, त्या मैत्रिणीबरोबर. भीती नवावरून एकदम शून्यावर येत नाही. ती सातावर येते, मग चारावर. घरी राहिले की त्या दिवसापुरते बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. म्हणून शाळा पूर्ण बंद ठेवणे टाळतात.

त्याच वेळी आईशी आणि वर्गशिक्षकांशीही बोलणे होते. आई सकाळी रागावणे थांबवते, शिक्षक वर्गातल्या त्या वागण्याची दखल घेतात. मुलीला धीट करायचे आणि वर्ग मात्र तसाच ठेवायचा, हे समुपदेशन अपुरे आहे. ‘तू सहन करायला शीक’ एवढेच कुणी सांगत असेल, तर पालकांनी स्पष्ट बोलावे किंवा दुसरा समुपदेशक शोधावा.

एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते, आठवड्यातून एकदा. बऱ्याच मुलांना सहा ते बारा भेटी लागतात, काहींना जास्त. मध्येच एखादा आठवडा पुन्हा वाईट जातो, म्हणून उपचार फसले असे समजू नये.

औषध, गुप्तता आणि ‘लोक काय म्हणतील’

समुपदेशक गोळ्या देत नाहीत. गोळ्यांची गरज आहे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. बहुतेक मुलांना औषधाशिवाय बरे वाटते. तीव्र उदासी, भास होणे, फारच अतिचंचलपणा अशा त्रासांत औषध लागू शकते. ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये आणि बरे वाटले म्हणून अचानक बंदही करू नये.

बुद्ध्यांक किंवा अध्ययन अक्षमतेची चाचणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशकाचे मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण झाले आहे का, मुलांबरोबर काम केले आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. यात संकोच नको.

मुलाने सांगितलेले समुपदेशक आईवडिलांनाही सगळे सांगत नाहीत. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी लैंगिक त्रास देत असेल तर ते सांगावेच लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

मुलीचे लग्न ठरताना अडचण येईल, या भीतीने अनेक आया मागे हटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. समुपदेशन घेतल्याची नोंद शाळेच्या दाखल्यावर किंवा गुणपत्रिकेवर येत नाही.

पुण्यात कुठे जायचे?

फोनवरून सुरुवात करायची असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोन विनामूल्य आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. आईवडील, शिक्षक किंवा मूल स्वतः फोन करू शकते. मुलावर अत्याचार होत असेल, मूल घर सोडून गेले असेल, तर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे.

प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. येरवडा हे नाव चेष्टेत घेतले जाते, त्यामुळे पालक तिकडे जायला कचरतात. पण बाह्यरुग्ण विभागात तपासून, बोलून, त्याच दिवशी घरी येता येते. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची केंद्रे आहेत, त्यांचीही चौकशी करावी. शनिवार पेठ, कसबा, मंगळवार पेठ या भागातल्या घरांना महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय जवळ पडते. तिथे आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून पुढची चिठ्ठी घेता येईल.

मुलाच्या वाढीत किंवा शिकण्यात अडचण असेल तर रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या बालविकास केंद्रात चौकशी करावी. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागात मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. अशा ठिकाणी शुल्क असते, ते आधी विचारून घ्यावे. खासगी समुपदेशकांचे शुल्क एका भेटीला काही शेकड्यांपासून दीड-दोन हजारांपर्यंत जाते. ते झेपत नसेल तर कर्ज काढू नये. सरकारी विभागात केसपेपरच्या नाममात्र खर्चात तपासणी होते. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे.

जाताना मुलाची आधीची औषधे आणि रिपोर्ट, शाळेची गुणपत्रिका आणि त्रास कधीपासून आहे याची चार ओळींची नोंद बरोबर ठेवावी. रांगेत दिवस जातो, रोजंदारी बुडते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळ आधी विचारून घ्यावी आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून घेतल्याशिवाय परतू नये.

शाळेकडे काय मागायचे?

शाळेत बोलताना आपला आवाज दबतो. कागदावर काय आहे हे माहीत असले की तो दबत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. भर वर्गात अपमान करणे हा छळच आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यात आहे. पालकसभेत एकच प्रश्न विचारा: ‘सर, आपल्या शाळेचे समुपदेशक कोण आणि ते कोणत्या वारी येतात?’ उत्तर नसेल तर चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

जातिवाचक अपमान झाला असेल तर तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होते हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि शाळेला लेखी कळवावे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींमध्ये स्थान आहे, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या आपल्या मुलांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. अपमान करणारे वर्गातले मूलच असेल तर आधी शाळेमार्फत त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी बोलणे झाले पाहिजे. पण मोठे माणूस असे वागत असेल तर गप्प बसू नये.

घरात आपण काय करायचे?

राहुल सात वर्षांचा होता. खोटे बोलण्याविषयी त्याला समजवायचे होते, तेव्हा तथागतांनी हातात छडी घेतली नाही. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते ओतून दिले, भांडे पालथे केले, आणि प्रत्येक वेळी राहुलला विचारले की तुला काय दिसते. अंबलट्ठिकेतला हा प्रसंग आहे. मुलाला समोर बसवून, प्रश्न विचारून आणि त्याच्या उत्तराची वाट पाहून शिकवता येते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवून दिलेले आहे.

घरात रोज दहा मिनिटे तरी मोबाईल आणि टीव्ही बंद करून मुलाशी बोलावे. ‘किती मार्क पडले’ ऐवजी ‘आज शाळेत काय चांगलं झालं, काय वाईट झालं’ असे विचारावे. मूल बोलू लागले की मध्येच तोडू नये, लगेच उपायही सांगू नयेत. ‘तुला किती त्रास झाला असेल रे’ एवढे म्हटले तरी मूल पुढे बोलते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. झोपेची वेळ ठरलेली असावी. बापाने दारू पिऊन घरात भांडण केले, तर दुसऱ्या दिवशी मुलाला सांगावे की यात तुझी काही चूक नव्हती. लहान मुलांना खरोखर वाटते की भांडण आपल्यामुळे झाले. मारल्याने मूल सुधारत नाही, ते लपवायला शिकते.

विहारात मुले आनापान शिकतात, त्याचा उपयोग होतो. श्वासाकडे लक्ष दिले की धडधड कमी होते, समुपदेशकही हे शिकवतात. पण तीव्र त्रासात असलेल्या मुलाला फक्त ‘ध्यान कर’ म्हणणे पुरेसे नाही. ताप आला की आपण वंदना करतो आणि डॉक्टरकडेही जातो, तसेच इथे करावे.

इथे थांबू नका

मूल ‘मला जगायचं नाही’ म्हणाले, स्वतःला इजा करू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा निरोपासारखे बोलू लागले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. मुलाला एकटे सोडू नये. घरातली औषधे, कीटकनाशके अशा धोकादायक वस्तू हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. ‘मरायचे विचार येतात का रे?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलता येते. १४४१६ ला फोन करावा, धोका लगेचचा असेल तर ११२ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयात न्यावे. पोलीस केस होईल म्हणून लपवू नये. असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच २०१७ चा कायदा मानतो, आणि तिला शिक्षा करत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. यांतले प्रत्येक मूल कुणाच्या तरी घरातले होते.

विहाराचे काम

शनिवार पेठेपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. तिथे १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पुण्यात फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपले दुःख काय आहे आणि ते कुणामुळे आहे, हे तिने या शहराला स्पष्ट सांगितले. तिला ते सांगता आले, कारण तिला शिकवणारे आणि तिचे ऐकणारे कुणीतरी होते.

आपल्या मुलांसाठी ऐकणारे कुणीतरी आपण तयार करू शकतो. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार मुलांच्या बोलण्यासाठी ठेवता येईल. महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी वर दिलेले क्रमांक आणि ठिकाणे पाठ ठेवावीत, म्हणजे एखादी आई पहिल्यांदा रुग्णालयात जाईल तेव्हा तिच्याबरोबर कुणी असेल. आपल्यातली जी मुलेमुली मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकली आहेत, त्यांनी महिन्यातले दोन तास आपल्या वस्तीला द्यावेत. १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक विहाराच्या फलकावर मुलांच्या उंचीला लिहून ठेवावेत, म्हणजे ते वाचायला मुलांना कुणाला विचारावे लागणार नाही.

उद्या सकाळी तुमचे मूल ‘पोट दुखतंय’ म्हणाले, तर कपाळाला हात लावून ताप बघा आणि मग शेजारी बसून विचारा, ‘शाळेत काही झालंय का बाळा?’ उत्तर लगेच येणार नाही. थोडे थांबा.

जय भीम! नमो बुद्धाय!